‘ओल्ड व्हाइन’ म्हणजे जुनी वाइन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत हल्ली वाइनविषयी बरेच छापून येते, याचा आनंद आहे. मात्र त्यात एक चूक वारंवार होते आणि देवनागरी लिपी ती आणखी घट्ट करते. कॅलिफोर्नियाच्या झिनफंडेल या लाल वाइनच्या बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन’ असे शब्द असतात. त्यातला ‘व्हाइन’ म्हणजे वेल. मराठीत उतरताना त्याचा ‘वाइन’ होतो आणि मजकुरात ‘जुनी वाइन’, ‘मुरलेली वाइन’ असे येते. वाचक ते खरे धरतो. परदेशातून कोणी आणलेली बाटली तो कपाटात जपून ठेवतो आणि आठ-दहा वर्षांनी उघडतो, तेव्हा आत फळाचा वासही उरलेला नसतो.

बाटलीतली वाइन अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वीची असू शकते. जुनी असते ती वेल: कधी ४० वर्षांची, तर कधी १२० वर्षांची. हा फरक शब्दांपुरता नाही. मळ्यात काय घडते, तळघरात काय बिघडते आणि बाटली कधी उघडायची, हे सगळे त्यावर अवलंबून आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वेल किती जुनी असली म्हणजे ‘ओल्ड’ म्हणायचे? अमेरिकेच्या लेबल-नियमांत याची व्याख्याच नाही. इतर गोष्टींना आकडे बांधून दिलेले आहेत. झिनफंडेल असे नाव लावायचे तर किमान ७५ टक्के रस त्या वाणाचा हवा, मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेशाचे नाव लावायचे तर ८५ टक्के द्राक्षे तिथली हवीत आणि एखाद्या मळ्याचे नाव छापायचे तर ९५ टक्के द्राक्षे त्या मळ्यातलीच हवीत. वेलीच्या वयाला मात्र असे काही बंधन नाही. २५ वर्षांच्या बागेची वाइनही ‘ओल्ड व्हाइन’ म्हणून विकता येते आणि विकली जातेही. इतरत्र परिस्थिती बरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात २००९ पासून ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षांवरील नोंदणीकृत मळ्यांच्या वाइनवर लागवडीच्या वर्षासह शिक्का लागतो. द्राक्ष आणि वाइनविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२४ मध्ये ३५ वर्षांची मर्यादा धरली. अमेरिकेत ‘हिस्टॉरिक व्हाइनयार्ड सोसायटी’ ही स्वयंसेवी संस्था जुन्या मळ्यांची नोंद ठेवते, पण ती सरकारी सक्ती नव्हे. त्यामुळे बाटली हातात घेतली की ‘ओल्ड व्हाइन’ या दोन शब्दांवर थांबू नये. मळ्याचे नाव आहे का, मागच्या बाजूला लागवडीचे वर्ष दिले आहे का, हे पाहावे. खरोखर शंभरीच्या वेली ज्याच्याकडे आहेत, तो ते वर्ष सहसा लपवत नाही.

अशा वेली टिकल्या कुठे, हे समजून घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने जगभरच्या बागा मारल्या. रेताड जमिनीत या किडीला मुळांपर्यंत नीट पोहोचता येत नाही, तिथे ती तग धरत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातल्या लोदायच्या वाळूमिश्रित पोयट्यात आणि काँट्रा कोस्टा परगण्यातल्या ओकलीच्या निव्वळ वाळूत शंभरी ओलांडलेल्या झिनफंडेलच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, खुंटाविना, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम न करता. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायची कल्पनाही आता करवत नाही, त्यामुळे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला याचे महत्त्व लगेच कळेल. सोनोमा परगण्यात जमीन तेवढी रेताड नाही. तिथल्या जुन्या वेली बहुतेक सेंट जॉर्ज या खुंटावर आहेत. ॲमडोर परगण्यातला एक मळा तर १८६९ च्या दस्तऐवजात आधीपासून लावलेला म्हणून नोंदला गेला आहे.

या वेलींना मांडव नाही, तारा नाहीत, वाय ट्रेलिस (इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा आधार) नाही. मांडीएवढे जाड, वाकडे खोड, कमरेच्या उंचीवर त्याचा माथा आणि त्या माथ्यातून चारी बाजूंना निघालेले आखूड ओलांडे, म्हणजे कायमच्या फांद्या. हिवाळ्यात पाने गळाली की दरवर्षी प्रत्येक ओलांड्यावर दोन डोळ्यांची काडी ठेवून छाटणी करतात. पाऊस हिवाळ्यातला, उन्हाळा कोरडा. अनेक मळे पूर्वापार पावसाच्या ओलीवरच चालत आले, काहींत आता ठिबक आहे. उत्पादन एकरी दीड-दोन टन, बऱ्या जमिनीत तीन. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन डोळ्यांसमोर असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हा आकडा दयनीय वाटेल. स्वतःच्या मुळांवरच्या मळ्यात एखादी वेल मेली, तर शेजारच्या वेलीची काडी वाकवून, मातीत पुरून दाब कलमाने जागा भरता येते. नवे रोप आणण्याची गरज पडत नाही आणि जुना वाण जसाच्या तसा राहतो.

आणखी एक गोष्ट लेखांत हमखास सुटते. जुन्या मळ्यांत निव्वळ झिनफंडेल क्वचितच असते. लावणाऱ्यांनी त्याच ओळींत कारिन्यान, पेटिट सिरा, अलिकांट बुशे असे वाण मिसळून लावले आणि सगळे एकत्र खुडून एकत्रच आंबवले. झिनफंडेलला रंग आणि तुरटपणा मध्यम. पेटिट सिरा तुरटपणा देते, कारिन्यान आंबटपणा. अलिकांट बुशेचा गरही लाल असतो, त्यामुळे रंग गडद होतो. हे मिश्रण लागवडीच्या दिवशीच ठरलेले असते आणि माझ्या मते जुन्या मळ्यांच्या वाइनच्या खोलीचे अर्धे श्रेय वयाइतकेच या मिश्रणालाही आहे.

वाणाच्या मूळगावाबद्दलही दोन ओळी. झिनफंडेल ‘अस्सल अमेरिकी द्राक्ष’ असल्याचे छापून येते, ते बरोबर नाही. १८२० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या जॉर्ज गिब्ज यांनी व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून आणलेल्या काड्यांमधून तो अमेरिकेत आला, असे मानले जाते. आधी पूर्व किनाऱ्यावर काचघरांत खाण्याचे द्राक्ष म्हणून वाढला आणि १८५० च्या दशकात कॅलिफोर्नियात पोहोचला. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियाचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी २००१ मध्ये डीएनए तपासून दाखवले, की क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचा त्सर्लेनाक काश्तेलान्स्की आणि झिनफंडेल हा एकच वाण. इटलीतला प्रिमितिव्होही तोच.

आता मुख्य मुद्दा. झिनफंडेलची सगळी गुणवत्ता आणि सगळे दुखणे एकाच गोष्टीत आहे: घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात काळे पिकलेले मणी, लालसर कच्चे मणी आणि सुकून बेदाणा झालेले मणी शेजारी शेजारी सापडतात. घड गच्च असतो, साल पातळ असते, त्यामुळे आतला एक मणी फुटला की कूज पसरते. सगळे मणी काळे होईपर्यंत थांबावे तर निम्मे सुकतात. लवकर खुडावे तर हिरवट, कच्ची चव येते.

मळ्यातच यावर जमेल तेवढा उपाय करावा लागतो. मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे रंग भरायला लागल्यावर, जे घड मागे राहिलेले दिसतात ते कापून जमिनीवर टाकायचे. घडाच्या खांद्यावरच्या पाकळ्या, म्हणजे बाजूचे छोटे फाटे, उशिरा पिकतात, त्या काढायच्या. बगलफुटींवर दुसऱ्या बहराचे छोटे घड लागतात. दिसायला ते रंगतात, पण साखर कमी आणि आम्ल जास्त असते. तोडणीच्या घाईत ते क्रेटमध्ये जाऊ नयेत म्हणून आधीच उतरवायचे. सकाळच्या उन्हाची बाजू मोकळी आणि दुपारच्या बाजूची पाने शाबूत, अशी पानांची विरळणी करायची. जुन्या वेलीचा खरा फायदा इथे दिसतो. वाढीचा जोर ओसरलेला, घड लहान आणि कमी, मुळे खोल. त्यामुळे ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत तरण्या वेलीसारखी ती एकदम कोमेजत नाही आणि पिकण्यातली तफावत थोडी कमी होते. तफावत संपत मात्र नाही. पानमुडी विषाणूने ग्रासलेली जुनी वेल उलट अधिकच उशिरा आणि अधिकच असमान पिकते. केवळ वय झाले म्हणून वाइन चांगली होत नाही. नीट राखलेल्या ३० वर्षांच्या मळ्याची वाइन दुर्लक्षित शंभरीपेक्षा सरस असू शकते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

दुसरी मोठी फसगत साखर मोजताना होते. रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजण्याच्या उपकरणावर १०० मणी चिरडून रस पाहिला तर २४ किंवा २५ ब्रिक्स (शेकडा तेवढे भाग साखर) दिसते. सुकलेल्या मण्यांतली साखर त्या रसात लगेच उतरत नाही. द्राक्षे फोडून टाकीत टाकली, एक-दोन दिवस भिजली, की बेदाणे फुगतात, साखर सोडतात आणि तोच रस २७ ते २८ ब्रिक्स दाखवतो. म्हणून जाणकार मणी न घेता मळ्याच्या सगळ्या भागांतून २०-३० पूर्ण घड घेतात, बादलीत चांगले चिरडतात, रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. या एका रात्रीच्या फरकाचा हिशोब असा: एक ब्रिक्स म्हणजे साधारण ०.५८ टक्के अल्कोहोल. २५ ब्रिक्सला १४.५ टक्के होते, २७.५ ला १६ टक्क्यांच्या जवळ जाते. त्या पातळीवर बहुतेक यीस्ट मान टाकते.

म्हणून यीस्ट घालण्यापूर्वीच रस दुरुस्त करतात. कॅलिफोर्नियात किण्वन (रस आंबणे) सुरळीत व्हावे एवढ्यापुरते पाणी घालायला नियमाने मुभा आहे. २७.५ ब्रिक्सचा १००० लिटर रस २५.५ वर आणायचा तर सुमारे ८५ लिटर पाणी लागते. हे पाणी क्लोरीनमुक्त हवे, नाहीतर पुढे बुरसट वासाचा धोका असतो. त्यात दर लिटरला सुमारे ६ ग्रॅम टार्टरिक आम्ल विरघळवून घालावे, म्हणजे आंबटपणा पातळ होत नाही. उष्ण भागातल्या पिकलेल्या झिनफंडेलचा सामू (पीएच; तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी) ३.७-३.८ पर्यंत चढलेला असतो, त्यामुळे वेगळे आम्लही लागते. लिटरला १ ग्रॅम टार्टरिकने सामू साधारण ०.१ ने उतरतो. एकदम न घालता दोन हप्त्यांत घालून मोजावे, कारण फुगणाऱ्या बेदाण्यांतून पोटॅशियम येत राहते आणि सामू परत वर सरकतो.

यीस्ट १०० लिटरला ३० ग्रॅम, जास्त अल्कोहोल सहन करणाऱ्या जातीचे. ते दहापट कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास, वीस मिनिटे फुलवायचे आणि मग थोडा थोडा रस घालून रसाच्या तापमानाजवळ आणायचे. फरक १० अंशांहून जास्त राहिला तर बऱ्याच पेशी तिथेच मरतात. एवढ्या साखरेला यीस्टला नत्रही जास्त लागते, लिटरला २५० ते ३०० मिलिग्रॅम. शेतकऱ्यांना परिचित असलेले डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खाद्य दर्जाचे घेतात. लिटरला १ ग्रॅम डीएपीतून सुमारे २१० मिलिग्रॅम नत्र मिळते. पहिला हप्ता किण्वन सुरू झाल्यावर, दुसरा एक तृतीयांश साखर संपल्यावर. त्यानंतर घालू नये. अल्कोहोल वाढले की यीस्ट ते घेत नाही आणि उरलेले नत्र बिघाड करणाऱ्या जंतूंच्या उपयोगी पडते.

सालींचा थर वर येतो तो दिवसातून दोन-तीनदा रसात दाबायचा. तापमान २५ ते ३० अंश ठेवायचे आणि ते सालींच्या थरात मोजायचे, कारण खालच्या रसापेक्षा तिथे चार-पाच अंश जास्त असू शकते. ३३-३५ अंशांपुढे गेले की उच्च अल्कोहोल आणि उष्णता एकत्र येऊन यीस्ट थांबते. झिनफंडेलमधला सर्वात मोठा अपघात हाच, अर्धवट थांबलेले किण्वन. यीस्ट ग्लुकोज आधी खाते, फ्रुक्टोज मागे ठेवते, आणि जास्त पिकलेल्या मण्यांत फ्रुक्टोज अधिक असते. म्हणजे सर्वात अवघड काम यीस्ट सर्वात अशक्त असताना शिल्लक राहते.

कॅलिफोर्नियाच्या ‘सटर होम’ या वाइन कारखान्यात १९७५ साली झिनफंडेलचा फिका रस असाच मध्येच थांबला आणि त्यातून गोडसर, गुलाबी ‘व्हाइट झिनफंडेल’ लोकप्रिय झाली. लाल वाइनला मागणी नसलेल्या काळात तिने कित्येक जुने मळे उपटण्यापासून वाचवले. तो योग दुर्मीळ होता. लाल वाइनमध्ये मात्र थांबलेले किण्वन म्हणजे आजारच. सामू जास्त, साखर शिल्लक आणि यीस्ट निपचित, अशी स्थिती आली की लॅक्टिक जिवाणू त्या साखरेपासून ॲसेटिक आम्ल तयार करतात आणि वाइनला शिर्क्याचा वास लागतो. तो नंतर सहजासहजी जात नाही.

इथे घनतेवरून साखर दाखवणारा हायड्रोमीटरही फसवतो. शून्य ब्रिक्स दिसले म्हणजे साखर संपली असे नाही, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते. खरोखर कोरडी, म्हणजे साखर संपलेली, वाइन उणे १ ते उणे १.५ दाखवते. नक्की करायचे तर उरलेली साखर वेगळी तपासावी. लिटरला २ ग्रॅमच्या खाली असेल तरच पुढे जावे.

चोथा दाबण्याची वेळ चवीवर ठरते, साधारण ८ ते १२ दिवस. कच्च्या मण्यांच्या बिया कडवट असतात, म्हणून शेवटच्या जोरकस दाबाचा रस वेगळा ठेवावा. पुढचे मॅलोलॅक्टिक किण्वन (तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होणे) करणारे जिवाणू १५ टक्के अल्कोहोलवर फार कुचंबतात. त्यांना २० अंशांच्या आसपास ऊब लागते आणि हे किण्वन संपेपर्यंत वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड घालता येत नाही. नंतर घालताना सामू पाहूनच प्रमाण ठरवावे. सामू ३.५ ला २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग) मुक्त सल्फर डायऑक्साइड जे संरक्षण देते, तेवढ्यासाठी ३.८ ला ५० पीपीएम लागते. ‘नेहमीएवढेच घातले’ म्हणून बिघडलेल्या पिंपांचे कारण बहुधा हेच असते. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत १० ते १५ महिने पुरे. नव्या पिंपांचे प्रमाण पाव हिश्श्याच्या पुढे गेले तर व्हॅनिला आणि नारळाच्या वासाखाली जुन्या वेलीचे फळ दबते. शंभर वर्षे जपलेल्या मळ्यावर असे लाकूड लादणे मला अन्यायाचे वाटते.

आता बाटलीकडे. अमेरिकी लेबलवर १४ टक्क्यांपुढील अल्कोहोलच्या आकड्याला एक टक्का इकडेतिकडे मुभा असते, हे लक्षात ठेवावे. बहुतेक झिनफंडेल तोडणीच्या वर्षापासून तीन ते आठ वर्षांत प्यावी. पेटिट सिरा, कारिन्यान मिसळलेली उत्तम मळ्याची वाइन १५-२० वर्षेही टिकते, पण १३-१४ अंशांच्या स्थिर थंडाव्यात. मुंबई-पुण्याच्या कपाटात एप्रिल-मे मध्ये ३० अंशांवर ती दोन उन्हाळ्यांत उतरते. पिताना १६-१७ अंश हवे, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये. खोलीच्या तापमानाला फक्त अल्कोहोलचा झणका येतो. तांबड्या रश्श्यासोबतही देऊ नये, अल्कोहोल तिखट अधिक भडकवते. कमी तिखटाचे, निखाऱ्यावर भाजलेले मटण तिला शोभते.

नाशिकचा संबंध इथे येतो. ‘सुला’ या इथल्या वाइन कंपनीने झिनफंडेल लावली, लाल आणि गुलाबी दोन्ही प्रकारची वाइन काढली. गच्च घड, पातळ साल आणि फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी पाऊस हे त्रिकूट या वाणाला फार जाचक आहे. २०-२२ ब्रिक्सवर लवकर खुडून केलेली गुलाबी वाइन त्यामुळे अधिक खात्रीची वाटते. आपल्याकडे वेलीला हिवाळी विश्रांती नसते. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, वर्षातून दोनदा तिला फुटायला लावतो आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत बाग काढून नवी लावतो. शंभर वर्षांची वेल म्हणूनच इथे दिसत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांची निरोगी वाइन-बाग कुणाकडे असेल, तर ती मोडण्यापूर्वी तिचा माल एक हंगाम वेगळा आंबवून पाहण्याची विनंती बागायतदारांना करतो. खोडांची मर आणि विषाणू तपासून घ्यावेत आणि निवडक वेलींच्या काड्या आधीच राखून ठेवाव्यात.

आपल्या दैनिकाला एवढीच विनंती, की ‘ओल्ड व्हाइन’ला यापुढे ‘जुन्या वेलींची वाइन’ असे छापावे आणि लागवडीचे वर्ष माहीत असेल तिथे ते द्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक